गाडीवरची मासळी : आगीच्या आधी आणि आगीनंतर

गाडीवर मासळी खायची ठरवली की माझी नजर आधी कढईकडे जात नाही, विक्रेत्याच्या उजव्या हाताकडे जाते. तीन-चार मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. तो हात पेटीतून कच्ची कोळंबी काढतो, पिठात घोळवतो, तेलात सोडतो. मग गिऱ्हाइकाकडून नोट घेतो, सुटे परत देतो, कमरेच्या फडक्याला पुसला जातो. तोवर कोळंबी तळून झालेली असते. झारा तिला बाहेर काढतो, पण प्लेटमध्ये रचायला पुन्हा तीच बोटं. वरून मसाला भुरभुरायचा, तोही बोटांनीच. कढईतल्या तेलाने कोळंबीवरचे जिवाणू मारले होते, आणि बाहेर आल्यावर दहा सेकंदांत तिला कच्च्या कोळंबीचं पाणी पुन्हा लागलं.

चांगली पेटलेली शेगडी आपलं काम चोख करते. तिच्यावर शंका घ्यायचं फारसं कारण नसतं. पोट बिघडतं ते बहुतेक वेळा मासळी आगीवर जाण्याआधीच्या तासांत किंवा आगीवरून उतरल्यानंतरच्या मिनिटांत जे घडलं त्यामुळे. म्हणून काय पाहायचं, काय विचारायचं आणि कुठे पाय मागे घ्यायचा, ते याच क्रमाने सांगतो. शेवटी थोडं गाडी चालवणाऱ्यांसाठीही आहे.

आधी शत्रू ओळखू

मासळीतले रोगकारक जिवाणू ढोबळमानाने दोन घरचे. एक समुद्राचे मूळ रहिवासी, दुसरे माणसाकडून आलेले.

समुद्राकडच्यांत पहिलं नाव व्हिब्रिओ कुळाचं. यातला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा मिठाच्या पाण्यात सुखाने राहतो आणि पाणी कोमट झालं की फोफावतो. माणसाला तो ठाऊक झाला १९५० साली, जपानमधल्या ओसाकात. शिरासू नावाची अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले, त्यातले २० दगावले, आणि त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी हा जिवाणू वेगळा काढला. याची खासियत म्हणजे वेग. मनाजोगती ऊब मिळाली तर याची संख्या दहा मिनिटांच्या आत दुप्पट होते. हिशेब करून बघा: १०० जिवाणू, दर दहा मिनिटांना दुप्पट, तर दोन तासांत ४ लाखांच्या वर. गाडीवर परिस्थिती इतकी आदर्श नसते, सुरुवातीला जिवाणू थोडा वेळ दमही घेतात. पण उन्हात ठेवलेल्या टोपलीतले दोन तास म्हणजे काय, याचा अंदाज येतो. दिलासा एवढाच की हा थंडीला आणि आचेला दोन्हींना भितो. बर्फात त्याची वाढ थांबते, नीट शिजवलं की मरतो.

त्याचाच भाऊबंद व्हिब्रिओ व्हल्निफिकस. हा क्वचित गाठ घालतो, पण गाठ पडली तर वाईट. कच्च्या कालवांतून पोटात जातो किंवा मासळी साफ करताना झालेल्या जखमेतून रक्तात शिरतो. यकृताचा आजार असलेल्यांना याचा धोका फार मोठा, आणि गंभीर संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावतो.

माणसाकडून येणाऱ्यांत ई. कोलाय, साल्मोनेला आणि शिगेला हे सांडपाणी आणि न धुतलेल्या हातांमार्फत येतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा तर धडधाकट माणसाच्याही नाकात, कातडीवर, बोटावरच्या पिकलेल्या फोडात असतो. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जिवाणू दोन्ही घरचा: खाडीच्या पाण्यातही राहतो आणि मैल्यातूनही पसरतो. १९९१ साली पेरूत पटकीची साथ आली तेव्हा एका वर्षात त्या देशात ३ लाखांहून अधिक रुग्ण झाले. प्रसाराच्या वाटा शोधताना दूषित पाण्याच्या जोडीला रस्त्यावरचं खाणं, त्यातली पेयं आणि बर्फ यांची नावं पुढे आली.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. मासळीला वास आणणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. पहिले, म्हणजे शेवानेला वगैरे, मासळीतल्या एका पदार्थापासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात आणि तोच तो ओळखीचा उग्र दर्प. व्हिब्रिओ असा काही निरोप पाठवत नाही. म्हणून वास येत असेल तर ती मासळी नक्की सोडा, पण वास नाही म्हणून ती सुरक्षित असं समजू नका. त्यात ट्रायमिथाइलअमाइन आम्लाशी बांधलं जातं, त्यामुळे लिंबू पिळलं की वास दबतो. मासळी मागे मसाल्यात आणि लिंबात बुडवून ठेवलेली असेल तर तुमच्या नाकाला काम उरत नाही.

पहिली पायरी : पेटीत डोकावा

शिजलेला तुकडा फार काही सांगत नाही, कच्चा सांगतो. म्हणून शक्य असेल तिथे कच्चा माल दिसेल अशी गाडी निवडा. अख्ख्या मासळीचे डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालसर, अंग दाबलं तर बोटाचा खळगा भरून येणारं, हे सगळ्यांना माहीत असतं. माझं लक्ष त्याहून जास्त बर्फाकडे असतं. मासळी बर्फाच्या आत आहे की बर्फाच्या वर? वर मांडलेली मासळी शोभेची. खालून गार, वरून उन्हाच्या तापमानाची. बर्फ वर, खाली आणि मध्ये हवा, आणि प्रमाणाचा ढोबळ नियम म्हणजे जेवढी मासळी तेवढाच बर्फ.

पेटीच्या तळाशी पाणी साचलंय का, तेही बघा. वितळलेलं पाणी वाहून जायला भोक नसेल तर खालचा थर त्या गढूळ पाण्यात पोहत असतो आणि एका मासळीवरचं सगळ्यांना लागतं.

कोळंबीच्या डोक्यापाशी काळे डाग दिसले की लोक नाक मुरडतात. ते डाग तिच्या स्वतःच्या विकरांमुळे पडतात, सफरचंद कापल्यावर काळं पडतं तसे. माल जुना होतोय एवढी खूण ती आहे, जिवाणूंची खात्री नाही. अंग बुळबुळीत, डोकं लोंबतंय आणि अमोनियासारखा झोंबरा वास असेल तर मात्र वळा.

बांगडा, ट्यूना, तारली यांच्या बाबतीत अधिक कडक राहा, आणि हा भाग जरा नीट वाचा. या मासळीच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. बर्फ उशिरा मिळाला की मॉर्गनेलासारखे जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ. पुढे तुम्ही ती तळा, उकडा, भाजा किंवा गोठवा, जिवाणू मरतील, हिस्टामाइन तसंच राहील. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनी याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम ठरवली आहे, पण गाडीवर ते मोजणार कोण? जिभेला कधीकधी कळतं. घास तिखटसर, मिरी खाल्ल्यासारखा चरचरीत लागतो, मसाला नसतानाही. तसं वाटलं की घास थुंकून टाका, संकोच करू नका. पण चव बरी लागली म्हणून हिस्टामाइन नाहीच, असंही नाही.

शिंपल्यांचा वेगळा कायदा

तिसऱ्या, शिंपले, कालवं हे प्राणी पाणी गाळून जगतात. एक मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला दीडशे लिटरहून अधिक पाणी गाळू शकतं. त्या पाण्यात सांडपाणी मिसळत असेल तर त्यातलं सगळं त्याच्या अंगात साठतं, आणि आपण ते पोटासकट, अख्खं खातो. नुसतं वरवर गरम करून भागत नाही. १९८८ साली शांघायमध्ये उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून काढलेल्या शिंपल्यांमुळे कावीळ पसरली, जवळपास ३ लाख लोकांना. ती हेपॅटायटिस ए या विषाणूची साथ, जिवाणूची नव्हे. पण वाट तीच आणि चूकही तीच.

त्यामुळे रस्त्यावर शिंपलावर्गातलं काहीही कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नये, हे माझं सरळ मत. लिंबू किंवा व्हिनेगर ओतून मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, पण त्याच्या भरवशावर जिवाणू मेले असं धरता येत नाही. तिखट चटणीच्या भरवशावर तर मुळीच नाही. उकडताना शिंपले उघडल्यानंतरही तीन ते पाच मिनिटं उकळी चालू हवी. शिजवण्याआधी तोंड उघडं असलेला आणि टिचकी मारूनही न मिटणारा शिंपला मेलेला असतो, तो बाद. शिजवल्यावरही मिटलेलाच राहिला तो बाद.

दुसरी पायरी : आच पुरती लागली का

मासळीच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस पोचले की काम झालं असं धरतात; जागतिक आरोग्य संघटना सर्वच अन्नासाठी ७० अंश सांगते. गाडीवर थर्मामीटर नसतो, डोळे असतात. मासळीचा तुकडा काट्याने सहज सुटतो, मध्ये काचेसारखी पारदर्शक रेघ उरत नाही. कोळंबी पूर्ण अपारदर्शक, गुलाबी-पांढरी. पहिला घास घेण्याआधी सर्वांत जाड जागी मोडून बघा. एवढी एक सवय पुष्कळ वाचवते.

दोन सापळे मात्र लक्षात ठेवा. एक, गोठलेला माल थेट शेगडीवर टाकणं. काडीला लावलेला माकूळ (स्क्विड) बाहेरून करपतो आणि आत बर्फाचा गड्डा तसाच. दुसरा सापळा अर्ध्या तळणीचा, आणि तो जास्त नडतो. गर्दीच्या वेळी पटापट देता यावं म्हणून दुपारीच तुकडे अर्धवट तळून परातीत रचून ठेवतात. पिठाच्या आवरणामुळे आत आच पोचलेली नसते, पण ऊब पोचलेली असते, म्हणजे जिवाणूंना हवी तीच. तो ढीग चार-पाच तास तसाच. मागणी आली की पुन्हा मिनिटभर तेलात. बाहेर कुरकुरीत, आत कोमट. तुमच्या समोर कच्च्यापासून सुरुवात होत असेल तर दहा मिनिटं जास्त थांबा, पण तेच घ्या. फिकट पिवळ्या तुकड्यांची परात बाजूला दिसली तर मी सरळ सांगतो, «मला ताजं कापलेलं तळून द्या.»

तिसरी पायरी : आगीनंतरची मिनिटं

इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळतो, कारण इथे कुणीच बघत नाही.

फडकं. एकच फडकं पाट पुसतं, सुरी पुसतं, प्लेट पुसतं, कपाळही पुसतं. दिवसभर ओलं आणि उबदार राहिलेलं फडकं स्वच्छ करत नाही, वाटप करतं. प्लेट धुतल्यावर त्या फडक्याने कोरडी केली जात असेल तर ती ओलीच बरी.

बादली. प्लेटा धुण्यासाठी एक बादली, फार तर दोन. पहिल्या तासानंतर त्या पाण्याचा रंग बघा. साबण असला तरी शेवटी खळबळायचं पाणी तेच असतं. अशा ठिकाणी कागदी किंवा पानाच्या प्लेटीत मागा. हातमोजे घातलेला विक्रेता दिसला की हायसं वाटतं, पण मोजे बदलतो का ते बघा. मोज्यांनी कच्ची मासळी, मोज्यांनीच पैसे, मोज्यांनीच कोशिंबीर, तर मोजे म्हणजे दुसरी कातडी, तीही न धुतलेली.

सुरी आणि पाट. कच्च्यासाठी एक, शिजलेल्यासाठी दुसरा, हवंच. ज्या पाटावर मासळी चिरली त्यावरच वर घालायचा कांदा चिरला जात असेल, तर कांद्याला आग कधीच लागणार नाही. कच्चा कांदा, कोथिंबीर, काकडी, पातळ चटणी हे सगळे आगीच्या पलीकडचे प्रवासी. मसाल्याचं तेही तसंच: ज्या भांड्यात मासळी मुरवली त्यातला उरलेला मसाला शिजल्यावर वरून सोडला, तर सगळी मेहनत गेली.

बर्फ. गोठलं म्हणजे निर्जंतुक झालं, असं नाही. गोठवल्याने बरेच जिवाणू नुसते झोपतात. मासळीच्या पेटीतला आणि सरबतातला बर्फ एकाच गोणीतून येताना दिसला, तर पेय बाटलीबंद घ्या किंवा सोडून द्या.

सोललेली, उकडलेली कोळंबी आणि हाताने काढलेलं खेकड्याचं मांस यांच्याबद्दल एक वेगळी भीती आहे. आधी शिजवून मग बऱ्याच हाताळणीने तयार होणारे हे पदार्थ स्टॅफिलोकॉकसच्या आवडीचे. बोटांवरून तो येतो, उबेत वाढतो आणि विष सोडतो. ते विष उकळीलाही दाद देत नाही, त्यामुळे परत गरम करून दिलं तरी उपयोग शून्य. सोबत भात असेल तर तो वाफाळता हवा. तासन्‌तास कोमट राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा जिवाणू अशीच खोडी करतो.

मापाचं सांगायचं तर ५ ते ६० अंश सेल्सिअस ही धोक्याची पट्टी. या पट्टीत अन्न दोन तासांवर राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासावर नाही. बांधून घरी नेत असाल तर तुमच्या पिशवीतला वेळही यात धरा.

कुणी अजिबात धोका पत्करू नये

गरोदर बाई, पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर माणसं, मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले. यांच्यासाठी नियम सोपा: डोळ्यांसमोर शिजलेलं, वाफाळतं, वर कच्चं काही न घातलेलं, नाहीतर नाही. गरोदरपणात थंडगार ठेवलेली धुरी दिलेली मासळीही टाळावी. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि आईला साधा ताप आला तरी पोटातल्या बाळाला तो भारी पडतो.

गाडी तुमची असेल तर

वर वाचून रागावू नका. रस्त्यावर पाणी वाहून आणावं लागतं, जागा हातभर, हे मला कळतं. पण थोडक्या खर्चात होण्यासारखं बरंच आहे. तोटी लावलेला पाण्याचा कॅन, खाली सांडपाण्याची बादली आणि साबण: यातून वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुता येतात. बुडवून हात धुणं म्हणजे धुणं नव्हे. मासळीच्या तेलकट, ओशट हातांवर सॅनिटायझरही पुरेसं चालत नाही.

पैशांसाठी दुसरा माणूस ठेवा. तो परवडत नसेल तर गिऱ्हाइकालाच डब्यात पैसे टाकायला आणि सुटे घ्यायला सांगा; लोकांना ते आवडतंही. माल दिवसभराचा एकदम बाहेर मांडू नका, तासाभराचा वर ठेवा आणि बाकीचा बंद पेटीत बर्फाखाली. गोठलेला माल उन्हात किंवा उघड्या बादलीत वितळवू नका. आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पिशवीत बंद करून वाहत्या गार पाण्याखाली धरा. कच्ची मासळी पिण्याच्या गोड्या पाण्याने धुतली तर मिठावर जगणारा व्हिब्रिओ बराच कमी होतो, मात्र ते शिंतोडे शिजलेल्या पदार्थांवर उडू देऊ नका.

पाट आणि सुरी आधी साबणाने घासा, मग एक लिटर पाण्यात ५ टक्के तीव्रतेचं, बिनवासाचं ब्लीच ३ ते ४ मिलिलिटर घालून त्याने पुसा आणि हवेवर वाळू द्या. घाण असलेल्या पाटावर ब्लीच ओतून काही होत नाही, ते घाणीतच संपतं. जुलाब लागले असतील, बोटावर पिकलेला फोड असेल, तर त्या दिवशी मासळीला हात लावू नका. जखम साधी असली तरी जलरोधक पट्टी आणि वर मोजा, कारण इथे मासळीपासून तुम्हालाही धोका आहे.

तरीही बिघडलंच तर

घड्याळ बघा, ते बरंच सांगतं. खाल्ल्यापासून काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लाल, डोकं ठणकतंय, छातीत धडधड, अंगाला खाज: हिस्टामाइन असण्याची शक्यता मोठी. लोक याला मासळीची ॲलर्जी समजून आयुष्यभर मासळी सोडतात. डॉक्टरांना नेमकी कोणती मासळी खाल्ली ते सांगा. श्वास लागत असेल तर वाट न बघता रुग्णालय. अर्धा ते आठ तासांत एकदम जोराच्या उलट्या लागल्या तर स्टॅफिलोकॉकसचं विष. दिवसभरात पाण्यासारखे जुलाब आणि पोटात मुरडा असेल तर व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचा संशय घ्यावा. तो बहुधा तीन दिवसांत आपणहून ओसरतो.

तोवर पाणी टिकवायचं. ओआरएसची पुडी सर्वांत उत्तम. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त नको. घोट घोट घ्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका. शौचातून रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळीही नको.

लघवी कमी होणं, उभं राहिल्यावर भोवळ, भाताच्या पेजेसारखे पांढरट आणि न थांबणारे जुलाब, शौचातून रक्त, ३८.५ अंशांवर ताप, यांतलं काहीही दिसलं की दवाखाना गाठा. मासळीचा काटा लागलेल्या जागी काही तासांत लाली पसरून जांभळे फोड उठू लागले तर रात्र असली तरी निघा.

सोबत खाल्लेल्या इतरांना फोन करून विचारा. दोघा-तिघांना एकच त्रास असेल तर स्थानिक आरोग्य विभागाला गाडीची जागा, खाल्लेला पदार्थ आणि वेळ कळवा. बांधून आणलेलं थोडं उरलं असेल तर ते टाकू नका. झाकून, नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवा, तपासायला उपयोगी पडतं. फक्त घरातलं दुसरं कुणी ते चुकून खाणार नाही, एवढं बघा.